सुपाचा आवाज

आमच्या बँडचं नाव 'ओली सुकट'. हे नाव माझ्या बायकोने, उन्नतीने दिलं, आणि काही कौतुकाने दिलं नव्हतं. मी, माझा मेहुणा मेहुल आणि दीपिका अशा आम्ही तिघांनी पहिल्यांदा एक गाणं न अडखळता शेवटपर्यंत वाजवलं, तेव्हा उन्नती म्हणाली, "ह्यावर नाचता येत नाय, आणि झोपता पण येत नाय. ओली सुकट हाय ही. ताजी म्हणून कोण घेणार नाय, सुकी म्हणून डब्यात भरली तर आळ्या पडतील." मेहुल हसला आणि लॅपटॉपवर त्या फाइलला त्याने तेच नाव टाकलं. मग तेच राहिलं.

उन्नती मेहुलची मोठी बहीण. दोघं समुद्रकाठच्या दांडी गावची, बोटीवाल्यांच्या घरातली. मी शेजारच्या मुरबे गावचा, पण बोटीवर कधी टिकलो नाही, मला समुद्र लागतो. तारापूरच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात मी फिटर आहे. लग्न झाल्यावर आम्ही बोईसरजवळ सरावलीला भाड्याने राहिलो. एक खोली, त्यातच ओटा, मागे मोरी.

लग्नाआधी मी बँजो पार्टीत होतो. आमच्या किनाऱ्यावर हळद असो की गणपती, बँजोशिवाय होत नाही. बँजो म्हणजे तारांची पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं. पार्टीत तीच ती गाणी वाजवून मला कंटाळा आला होता. मेहुल केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये लागला आणि त्याने पगारातून लॅपटॉप, माइक आणि गिटारवाले पायाने दाबतात तसला एक डबा घेतला. त्यात त्याने माझा बँजो जोडून दिला. आवाज असा आला, की शेजारच्या भाभीने दार वाजवून विचारलं, "गाडी घुस गई क्या?" मेहुल म्हणाला, हे रॉक आहे. मी म्हटलं असेल. मला आवडलं होतं.

दीपिका नंतर आली. ती मनोरच्या बाजूची, बोईसर स्टेशनसमोर मोबाइलच्या दुकानात काम करते. मेहुल तिथे केबल घ्यायला जायचा. ती गाते म्हणजे बोलल्यासारखंच गाते, कारखान्याची बस किती वाजता सुटते हे सांगावं तशी. शब्द तिचेच. फाटक, खोलीमालक, रिक्षाची लाइन, आईचं शेत, असं काहीबाही.

आता सुपाचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे.

माझी सासू दांडीला मासळी सुकवते. जवळ्याची, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीची, पोती ती टेम्पोने सरावलीला पाठवायची. उन्नती तो जवळा सुपात पाखडायची, निवडायची, पिशव्या भरायची आणि आसपासच्या खोल्यांमध्ये, बाजारात विकायची. जवळा इतका हलका असतो, की पंखा चालू असला तर अर्धा घरभर उडतो. आणि आमचं रेकॉर्डिंगही पंखा बंद केल्याशिवाय होत नव्हतं, माइकमध्ये घरघर यायची. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी दार लावायचं, दाराला गोधडी टांगायची आणि पंखा बंद. आम्ही तिला म्हटलं, तेवढा वेळ बाहेर बस. ती म्हणाली, पंखा बंद होतो तेव्हाच माझं काम होतं, मी का उठू? दोनदा पंखा बंद करून खोली तापवण्यापेक्षा एकदाच करू. मग ती ओट्याखाली भिंतीला टेकून सूप घेऊन बसायची आणि आम्ही पलीकडे वाजवायचो.

तिचं सूप माइकमध्ये यायचंच. आधी मेहुल चिडायचा. मग एकदा त्याने ते तसंच ठेवलं आणि आम्ही ते परत परत ऐकलं. ढोलक नव्हता, ड्रम नव्हते, पण गाण्याला ठेका आला होता. सूप वर जातं, जवळा उडतो, परत सुपावर पडतो. दोन वेगळे आवाज. एक कडक, एक वाळूसारखा.

पण ती आमच्यासाठी पाखडत नव्हती. तिला सुपात काही दिसलं, शंखाचा तुकडा, खेकड्याचा पाय, दुसरी बारीक मासळी, की ती थांबायची. काढून टाकायची आणि परत सुरू. ती थांबली की आम्हीपण थांबायचो, कारण तिच्याशिवाय आम्हाला ताल कळायचा नाही. दीपिका मग त्या रिकाम्या जागेत एखादी ओळ म्हणायला शिकली. अशी आमची गाणी झाली. मध्येच थांबणारी. पुढे पुण्याच्या एका माणसाने इंटरनेटवर लिहिलं, की तालाशी एवढं धाडस सध्या कोणी करत नाही. मी ते उन्नतीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, धाडस कसलं, खेकडा होता.

मेहुल गाणी इंटरनेटवर टाकायचा. पहिलं वर्ष कोणी ऐकलं नाही. मग कोणीतरी ऐकलं, त्याने दुसऱ्याला सांगितलं. बंगळुरूच्या दोन मुलांनी आमची कॅसेट काढली. आजकाल परत कॅसेट काढतात म्हणे. आमच्याकडे ती वाजवायला काही नव्हतं. जपानमधून एकाने विचारलं, तालवाद्य कोणतं आहे, कुठे विकत मिळेल? उन्नती म्हणाली, "त्याला सांग, अर्धा किलो जवळा घेतला तर आवाज फुकट."

मागच्या वर्षी फेब्रुवारीत तिला ताप आला. तो फुप्फुसात उतरला. बोईसरहून तिला वापीला नेलं. तिथे ती गेली. आठवडासुद्धा झाला नव्हता. ती एकोणचाळीस वर्षांची होती. आम्हाला मूल नाही.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. तेरावं झालं आणि मी कामावर जायला लागलो. लोक विचारायचे, जेवलास का. मी जेवलेला असायचो. खोलीत जवळ्याचं अर्धं पोतं उरलं होतं. सासूबाई आल्या आणि घेऊन गेल्या, ठेवलं असतं तर खराब झालं असतं. सूपही नेलं, ते त्यांचंच होतं. मी खोली झाडली. सगळे म्हणायचे, याला अजून रडू आलेलं नाही, येईल. मीपण वाट बघायचो. बँजो पलंगाखाली ठेवून दिला होता.

बँड मात्र तेव्हाच वाढला. शेवटची तीन गाणी मेहुलने ती गेल्यावर इंटरनेटवर टाकली, त्यातलं 'फाटक' हजारो लोकांनी ऐकलं. पुण्याच्या एका संस्थेने बोलावलं. खरा रंगमंच, तिकीट लावून. आम्ही तोवर खोलीबाहेर कधी वाजवलंच नव्हतं. मेहुल दर चार दिवसांनी विचारायचा. मी सांगायचो, वर्ष होऊ दे. आमच्यात वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात वाजवत नाहीत, तुझी आईच बोलेल. 

सासूबाईंच्या कानावर ते गेलं. दिवाळीच्या आधी मी दांडीला गेलो होतो, त्या बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होत्या. माझ्याकडे न बघताच बोलल्या.

"वर्साचं कारण मला लावू नको, मिथुन. मी कुणाला नाय अडवलं. तुला नको असंल तर नको म्हण."

मला नको होतं का, हे मलाच माहीत नव्हतं.  वर्ष सरलं, श्राद्ध झालं आणि मग माझ्याकडे कारण उरलं नाही. मेहुलने पुण्याला हो कळवलं.

तालमीला आम्ही परत सरावलीच्या खोलीत बसलो. शुक्रवार होता. गोधडी टांगली. ओट्याखालची जागा रिकामी होती आणि तिथे दीपिकाने तिची पर्स ठेवली. मेहुलने लॅपटॉप उघडला आणि सूप सुरू झालं.

मी ते वर्षभर ऐकलं नव्हतं. मला वाटलं होतं मला काहीतरी होईल. झालं नाही. मी बँजोच्या तारा लावत राहिलो. थोड्या वेळाने मला कळलं, की हे सूप थांबतच नाही.

मेहुलने तिच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून आठ झटक्यांचा एक साफ तुकडा कापला होता. त्यात ती थांबली नव्हती, बोलली नव्हती, खोकली नव्हती. तो तुकडा त्याने गोल फिरत ठेवला होता. संपला की परत पहिल्यापासून. त्याचं म्हणणं, रंगमंचावर एवढ्या लोकांसमोर ताल पक्का लागतो, आणि दीपिकाला कुठे सुरू करायचं ते कळतं. त्याने त्यासाठी बऱ्याच रात्री घातल्या होत्या.

मी म्हटलं, ती असं पाखडायची नाही.

तो म्हणाला, आवाज तिचाच आहे.

मी म्हटलं, आवाज तिचा आहे, पण हे काढून टाक. त्याने विचारलं का.  मी एवढंच म्हणालो, की हे असं रोज ऐकलं तर पुढे मला ते सूप म्हणून ऐकूच येणार नाही. कारखान्यात पहिल्या महिन्यात मशिनचा आवाज येतो, मग येत नाही, तसं होईल. तेवढंच उरलंय माझ्याकडे.

मेहुल लॅपटॉपसमोरून उठला. मग म्हणाला, "भावजी, तुमी तिच्या घरात राहता. तिची भांडी वापरता, तिच्या उशीवर झोपता. माझ्याकडे काय हाय? मला हेच हाय. मला रोज ऐकायचंय."

दीपिका उठून मोरीत तोंड धुवायला गेली. भांडण चालू असताना लॅपटॉप बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. सूप चालूच होतं.

सासूबाई दारात कधी आल्या ते कळलं नाही. शुक्रवारी त्या बोईसरच्या बाजारात बसतात. माल लवकर संपला म्हणून आल्या होत्या. गोधडी बाजूला सारून आत आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. टोपली खाली ठेवली. मेहुल बंद करायला धावला, तर त्यांनी हातानेच त्याला थांबवलं. आमचं गाणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्या लॅपटॉपकडे नाही, ओट्याखाली बघत होत्या.

"ही उन्नती ना?"

मेहुल म्हणाला, हो.

त्या ऐकत राहिल्या. दीपिकाही मोरीतून परत आली होती, आम्ही तिघंही उभे होतो. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो, कारण तोंडाकडे बघवत नव्हतं. त्यांची बोटं मांडीवर हलत होती, सूप धरल्यासारखी.

"कवापासून पाखडते ती?"

"आय, ते रेकॉर्डिंग हाय," मेहुल म्हणाला. "तेवढंच परत परत फिरतं."

"रेकॉर्डिंग हाय ते कळतंय मला. मी काय येडी नाय. पण जवळा कवाच साफ झाला असता. काय काढतच नाय ती त्यातून." मग त्या म्हणाल्या, "बंद कर, बाबू. हात भरून येतील तिचे."

मेहुलने लॅपटॉप मिटला. चप्पल न घालता बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. सासूबाईंनी टोपलीतून मला उरलेली मांदेली काढून दिली, संध्याकाळी तळून खा म्हणाल्या, आणि सहाच्या रिक्षाने गेल्या.

त्यानंतर दोन-तीन दिवस कोणी कोणाला फोन केला नाही. मग दीपिकाचा आला. ती म्हणाली, मेहुलने तो तुकडा पुसून टाकलाय आणि पुण्याला नकार कळवायचा म्हणतोय. "मिथुनदादा, मी त्याला काय बोलले नाय. पण सूप नसलं तर मला कुठे गायचं ते समजत नाय, हे पण खरंय. तुम्ही एकदा ठरवा. तुम्ही नुसतं नको-नको म्हणता. काय पाहिजे ते कधी सांगतच नाय."

पुढच्या शुक्रवारी मी मेहुलकडून जुन्या सगळ्या रेकॉर्डिंगची डिस्क मागून घेतली. त्याने दिली, काही विचारलं नाही. मी पंखा बंद केला, खरं तर गरज नव्हती, आणि हेडफोन लावून बसलो. कापलेली नाहीत अशी पूर्ण रेकॉर्डिंगं. बिघाड शोधताना आपण मशिनला कान लावतो, तसं मी ऐकत गेलो. आमचं वाजवणं, दीपिकाचं चुकणं, बाहेर मुलांचं क्रिकेट. आणि मागे सूप. ती थांबायची. परत सुरू करायची. कुठे मेहुलला बोलायची, माइक इकडे नको ठेवू, माझा पाय लागेल. मी दुपारभर ऐकलं. मला रडू आलं नाही. भूक लागली.

अर्धवट राहिलेल्या एका गाण्याचं रेकॉर्डिंग होतं. त्यात आम्ही तिघांनी सुरुवातीलाच वाजवणं सोडलं होतं, कारण दीपिकाला शब्द सुचत नव्हते आणि आम्ही दाराबाहेर चहाला गेलो होतो. माइक चालू राहिला होता. खोलीत ती एकटी पाखडत होती. अकरा मिनिटं.

मी मेहुलला बोलावलं आणि ते ऐकवलं. म्हटलं, मला काय पाहिजे ते सांगतो. बाकीची गाणी सुपाशिवाय वाजवू, वाईट झाली तर होऊ देत. हे एकच तिच्याबरोबर वाजवायचं. पूर्ण. कापायचं नाही, फिरवायचं नाही. ती थांबली की थांबायचं. आणि हे तालमीत रोज लावायचं नाही. एकदा पाठ करण्यापुरतं, आणि मग कार्यक्रमातच.

मेहुलने विचारलं, "आणि मला ऐकायचं असलं तर?"

मी म्हटलं, डिस्क तुझ्याकडेच राहू दे. मला देऊ नको.

तो बरं म्हणाला. मग ऐकताना एका जागी त्याने बोट ठेवलं. तिथे ती खूप वेळ थांबली होती. जवळजवळ मिनिटभर काहीच आवाज नाही. तो म्हणाला, एवढं कापू या का, लोकांना वाटेल लॅपटॉप बंद पडला. मी म्हटलं, वाटू दे.

पुण्याला आम्ही टेम्पो ट्रॅव्हलरने गेलो. हॉल लहान होता, पण भरला होता. आमच्या गाण्यांचे शब्द पाठ असलेली मुलं समोर होती, हे बघून दीपिका घाबरली. सुपाशिवायची गाणी वाईट झाली नाहीत. बरी झाली. लोक मधल्या रिकाम्या जागांवरपण टाळ्या वाजवत होते, तेवढंच जरा विचित्र वाटत होतं.

शेवटी ते गाणं, दीपिकाने आता त्याचे शब्द पुरे केले होते. मेहुलने कोणाला काही सांगितलं नाही, हे कोण आहे, कधीचं आहे. नुसतं सुरू केलं. मोठ्या स्पीकरमधून सूप आलं तेव्हा ते खोलीत यायचं त्यापेक्षा फार मोठं होतं. जवळा पडतानाचा आवाज पाऊस पडल्यासारखा हॉलभर झाला. मी वाजवायला लागलो. ती थांबली, आम्ही थांबलो. ती सुरू झाली, आम्ही सुरू झालो. मला काही वाटत नव्हतं. बटणं बरोबर पडत होती.

मग ती मोठी जागा आली. तालमीत मी तिथे मनात आकडे मोजायचो, म्हणजे परत कधी सुरू करायचं ते कळायचं. पुण्यात मी मोजले नाहीत. का ते सांगता येणार नाही. ती थांबली आणि मी हात बटणांवर ठेवून उभा राहिलो. हॉलमध्ये तेवढे सगळे लोक होते आणि कोणी हललं नाही. सगळे तिची वाट बघत होते, त्यांना माहीत नसताना. मी आठवायचा प्रयत्न करत होतो, त्या दिवशी तिला सुपात काय सापडलं होतं. मी तेव्हा बाहेर चहा पीत होतो. मला कळायला मार्ग नव्हता. आता सुरू करेल असं वाटत होतं, आणि त्याच वेळी वाटत होतं, तिला घाई करायला नको.

सूप परत वाजलं. मेहुल आणि दीपिका बरोबर आत शिरले. मी शिरलो नाही. ती बरीच पुढे गेल्यावर मग मी सुरू केलं.

नंतर मागच्या खोलीत मेहुलने विचारलं, "भावजी, चुकलात का?" मी म्हटलं, हो, चुकलो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच खुर्चीत बसून रडायला लागला. दीपिकाने त्याला पाणी दिलं. मी बँजो पिशवीत भरला, वायरी गुंडाळल्या. बाहेर काही मुलं सही मागायला थांबली होती. मी सही केली. एकाने विचारलं, ती एवढी मोठी शांतता कशी सुचली? मी सांगितलं, आम्हाला सुचली नाही.

परत आल्यावर मी दांडीला गेलो. सासूबाईंना पुण्याचा चिवडा दिला. त्या जवळा पाखडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि ते रेकॉर्डिंग कसं होतं ते सांगितलं. मग विचारलं, जवळा पाखडताना एवढा वेळ कशाला थांबावं लागतं? असं काय निघतं त्यातून, की काढायला मिनिटभर जावं?

त्या हसल्या. वर्षात पहिल्यांदाच मी त्यांना हसताना बघितलं.

"काय निघत नाय रे. मांडी घालून बसून पाय आखडतात. उठून जरा उभी राहिली असंल."

मी म्हटलं, उठल्याचा आवाज नाही त्यात.

"उठल्याचा काय आवाज येतो?" त्या म्हणाल्या, आणि सूप खाली ठेवून, गुडघ्यावर हात टेकून, स्वतःच उभ्या राहिल्या.